वटवाघळाची घडी

हॅलोविनच्या कागदी निमंत्रणांना माझा विरोध होता, तोही दुहेरी. ऐन दिवाळीत भुताखेतांचा पसारा कशाला, हा एक. २०२४ साली तर पंचांगातली नरकचतुर्दशी आणि हॅलोविन एकाच तारखेला आले, ३१ ऑक्टोबरला. दुसरा सोयीचा: फोनवरून लिंक धाडली की काम मिटलं. नऊ वर्षांची लेक मात्र हट्टाला पेटली. "बारा कार्डं, आई. हातानेच."

आम्ही बोस्टनजवळ फ्रेमिंगहॅमला राहतो. याच गावातल्या डेनिसन कंपनीने १९०९ साली 'बोगी बुक' काढलं. घरच्या घरी हॅलोविन कसा सजवावा, ते शिकवणारी पुस्तिका. अर्थात आपला क्रेप कागद खपावा म्हणून. हे कळल्यावर मी जास्तच अडून बसले. म्हणजे 'हाताने केलेलं' हीसुद्धा दुकानदारीच की!

तरी बसले एकदाची. काळा जाड कागद दुमडायचा, घडीला टेकवून अर्धं वटवाघूळ काढायचं आणि कापायचं. पहिलं मी घडीच्याच बाजूने कापलं. हातात दोन अर्धी वटवाघळं. लेक हसून हसून लोळली. मग पोटावर नारिंगी चौकोन चिकटवायचा, त्यावर तारीख-वेळ, आणि पंख त्यावर मिटायचे. काळ्यावर साधं पेन उमटत नाही, म्हणून पंखावर पांढऱ्या जेल पेनने नाव.

तिथे मी अडले. शेजारच्या मुलाचं नाव ठाऊक, त्याच्या आईचं नाही. सहा वर्षांचा शेजार, आणि माझ्या फोनमध्ये ती 'निळं दार' आहे! लिंक पाठवायला तेवढं पुरत होतं.

टपालाने पाठवावीत तर चौकोनी पाकिटाला जादा तिकीट. बिनतिकिटाचं कुणाच्या टपालपेटीत टाकायला इथे कायद्याने बंदी. राहिलं दारोदार जाणं. लहानपणी बाबांबरोबर लग्नाच्या अक्षता द्यायला जायचे, तशी निघाले. तेव्हा प्रत्येक घरी टेकावं लागे, चहाला नाही म्हणता येत नसे, आणि मला भयंकर कंटाळा येई. इथे बारा घरांना दोन संध्याकाळी लागल्या. निळ्या दारातल्या बाईंनी नाव सांगितलं, स्पेलिंगही सांगितलं. ते मी त्यांच्याच पायरीवर उभं राहून पंखावर लिहिलं.

भुतांबद्दलचं माझं मत अजून तेच आहे. लिंकबद्दलचं बदललं. यंदा काळा कागद सप्टेंबरातच आणून ठेवलाय.