करकोचा

घट्ट बांधलेल्या नाडीने वा दोरीने अंगावर जी खोबण पडते, तिला मराठीत ‘करकोचा’ म्हणतात. वस्त्र सतत घासून रुतू लागले की ते ‘काचते’. आणि सासरच्या जाचालाही आपण ‘काच’च म्हणतो. शरीराचा अनुभव मनाच्या अनुभवाला शब्द पुरवतो, हे वर्गात सांगताना आम्ही दोघे अध्यापक हीच उदाहरणे देत आलो. पुढे मात्र या शब्दांचा प्रवास आम्हांला उलट दिशेने, मनाकडून पुन्हा त्वचेकडे, करावा लागला.

निमित्त झाले ते आमच्यापैकी एकाच्या आत्याचे. वय सत्तरीच्या पुढे, जन्म शेतात गेलेला, नेसणे नऊवारी. खुरपायला वाकायचे तर लुगडे आवळूनच नेसावे लागे. कमरेभोवती काळपट पट्टा पडलेला. पण तो गावातल्या कितीतरी म्हाताऱ्यांच्या कमरेला होता, म्हणून त्याचे कुणाला काही वाटले नाही. त्या पट्ट्यावर एक जखम झाली आणि ती भरेना. विचारले की आत्या म्हणे, “काही नाही रे, लुगडं काचतंय.” आधी हळद, मग खोबरेल, मग तालुक्याच्या दवाखान्यातले मलम, असे दीड वर्ष गेले. शेवटी शहरात जखमेचा तुकडा काढून तपासला, तेव्हा त्वचेचा कर्करोग निघाला. तोवर तो जांघेतल्या गाठींपर्यंत पोहोचला होता. आत्या वाचली, परंतु लहानशा शस्त्रक्रियेने जे भागले असते, त्यासाठी मोठी शस्त्रक्रिया करून मांडीची त्वचा कमरेवर लावावी लागली.

हा आजार वैद्यकाला नवा नाही. टाटा स्मारक रुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ वसंत रामजी खानोलकर यांनी सूर्याबाई यांच्यासह १९४५ साली रूढींशी निगडित कर्करोगांवर जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात ‘धोती कॅन्सर’ची नोंद आहे. पुढे ‘साडी कॅन्सर’ हे नाव रूढ झाले. २०२४ साली वर्धा व बिहारमधील डॉक्टरांनी अशा दोन वृद्ध स्त्रियांची हकीकत एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात मांडली. त्यांतील एक स्त्री चाळीस वर्षे आवळून लुगडे नेसत होती. कारण साधे आहे. एकाच जागी वर्षानुवर्षे दाब आणि घर्षण, त्यात घाम व धूळ. त्वचा पातळ होते, फुटते, भरते, पुन्हा फुटते. आणि दीर्घकाळ न भरलेल्या अशा व्रणात क्वचित कर्करोग मूळ धरतो. काश्मिरात फिरनाखाली कांगडी बाळगणाऱ्यांच्या पोटावर व मांड्यांवर होणारा कर्करोग याच कुळातला.

‘क्वचित’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. सावळ्या त्वचेत हा रोग विरळ, म्हणून तो मनात येत नाही. मनात येत नाही म्हणून उशिरा सापडतो. त्यातून जागा अशी, की ती पुरुष डॉक्टरासमोर उघडी करणे आमच्या आत्यांच्या पिढीला अवघड. शिवाय तुकडा तपासण्याची सोय शहरात. म्हणजे बुडालेली मजुरी, एस. टी.चे भाडे आणि सोबत येणाऱ्या मुलाचाही एक दिवस.

यावर उपाय नाही असे नाही. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ पासून ग्रामीण भागाची कर्करोग नोंदणी चालते. तिचे कार्यकर्ते रुग्ण येण्याची वाट न पाहता स्वतः गावोगाव जातात आणि लक्षणांविषयी लोकांशी बोलतात. या संवादामुळे गर्भाशयमुखाचा कर्करोग तेथे पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत सापडू लागला, हे १९९०च्या दशकातच नोंदले गेले आहे. मोठे यंत्र न आणता, केवळ बोलण्याने हे घडले, ही बाब भाषेच्या अध्यापकांना विशेष वाटावी.

आज तिशीनंतरच्या सरकारी तपासणीत तोंड, स्तन व गर्भाशयमुख यांच्या कर्करोगांचा समावेश आहे, त्वचेचा नाही. विरळ रोगासाठी स्वतंत्र मोहीम काढा, असे आमचे म्हणणे नाही. परंतु कुष्ठरोगाच्या चट्ट्यांसाठी आशाताई घरोघर त्वचेची चौकशी करतातच. त्याच वेळी कमरेविषयी एक प्रश्न अधिक विचारता येईल. महिन्याभरात न भरलेली जखम दिसली, तर मलमाची दुसरी ट्यूब देण्यापूर्वी तुकडा तपासायला पाठवता येईल. नाडीऐवजी रुंद पट्टा, गाठीची जागा अधूनमधून बदलणे आणि घरी सैल नेसणे, एवढे तर प्रत्येक घरात सांगता येईल.

मात्र तो प्रश्न कोणत्या शब्दांत विचारायचा, हे ठरले पाहिजे. “त्वचेवर दीर्घकालीन व्रण आहे काय?” असे विचारले असते, तर आमच्या आत्याने “नाही” म्हणून सांगितले असते आणि ते खोटेही ठरले नसते; तिच्या लेखी व्रण नव्हताच, लुगडे काचत होते. “आत्या, लुगडं कुठं काचतं, आणि कधीपासून?” हा प्रश्न तिला कळला असता. आमच्या विद्यार्थ्यांनी बोलींतून गोळा केलेले वस्त्रांचे व दुखण्यांचे शब्द आजवर प्रबंधांच्या परिशिष्टांत पडून राहिले. यंदापासून त्या याद्या जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नेऊन द्यायच्या, असे आम्ही ठरवले आहे. इतर महाविद्यालयांतील अध्यापकांनीही आपापल्या भागातील शब्दांसाठी हे करून पाहावे.