शेवटच्या धक्क्यापर्यंत जाणारी बोट

नॉर्वेचा उत्तर किनारा पाहायला जगभरातून माणसे येतात. गेल्या जूनमध्ये आम्ही उभयता तिकडे जाऊन आलो. पुतण्या नोकरीनिमित्त बर्गन शहरी असतो, त्याच्या आग्रहामुळेच आम्हा कारकुनी पगाराच्या माणसांना हे जमले. बर्गन ते कीर्केनेस हा बोटीचा प्रवास सहा रात्रींचा. दोन्ही टोके धरून वाटेत ३४ बंदरे.

या मार्गाला तिकडे 'हुर्टिग्रूटन', म्हणजे जलद मार्ग, म्हणतात. रिचर्ड वित या कप्तानाने २ जुलै १८९३ रोजी ट्रॉन्डहाइमहून हामरफेस्टकडे पहिली आगबोट नेली. त्यापूर्वी हिवाळ्यात उत्तरेला पत्र पोहोचायला महिने लागत. दीपगृहे थोडी, नकाशे अपुरे. काळोखात बोट हाकायला इतर कंपन्या धजेनात. वितने होकायंत्र, घड्याळ आणि स्वतःच्या टिपणवहीतल्या नोंदी यांवर भरवसा ठेवला. कारकून म्हणून आम्हाला ती टिपणवही फार भावली! आज दोन कंपन्या सरकारशी करार करून हा मार्ग चालवतात.

चौथ्या दिवशी सकाळी आर्क्टिक वृत्त ओलांडले. तिथल्या एका बेटावर खुणेचा पृथ्वीगोल उभा आहे. संध्याकाळी लोफोतेनचे डोंगर समुद्रातून उभ्या भिंतीसारखे वर आले. किनाऱ्यावर मासे वाळवण्याचे लाकडी मांडव दिसत होते. हिवाळ्याच्या शेवटी तिथे कॉड मासा मीठ न लावता, नुसत्या गार वाऱ्यावर वाळवतात. आपल्याकडे वर्सोव्याला बांबूंवर टांगलेले बोंबील आठवले. रात्री सूर्य मावळेचना. झोपायचे कधी, हेच कळेना.

पण मनात राहिला तो ओक्सफ्योर्डचा धक्का. ट्रोम्सो मागे पडल्यानंतरची ती रात्र. दोन वाजले होते, तरी लख्ख उजेड होता. लहानसे गाव, धक्क्यावर मोजकी माणसे. काही खोकी उतरली आणि एक वृद्ध बाई चढल्या. दवाखान्यासाठी हामरफेस्टला निघाल्या होत्या. एवढ्यासाठी एवढी मोठी बोट थांबते, याचे आम्हाला अप्रूप वाटले. त्यांना त्यात विशेष काही वाटले नाही.

त्या सामी समाजाच्या होत्या. सामी हे या उत्तरेचे मूळ रहिवासी. "माझ्या आईला शाळेत आमची भाषा बोलू देत नसत. नातू आता तीच भाषा शाळेत शिकतो," त्या मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या.

आम्ही मनाशी सनावळी जुळवली. बोट १८९३ ची. शाळेत सामी भाषा अगदी नाइलाज असेल तेवढीच वापरावी, हा सरकारी आदेश १८९८ चा. ज्या राज्याने टपाल दारात आणले, त्यानेच लेकरांच्या तोंडची भाषा काढून घेतली. सामींची निवडून आलेली संसद १९८९ मध्ये सुरू झाली. १९९७ मध्ये राजे हाराल्ड यांनी तिथे दिलगिरी व्यक्त केली. देशाच्या संसदेने माफी मागितली ती २०२४ च्या नोव्हेंबरात.

गावाला बोट लागली म्हणून माणूस किनाऱ्याला लागतोच असे नाही. त्यासाठी त्याचा शब्दही बोटीत घ्यावा लागतो.

पहाटे पाचनंतर हामरफेस्ट आले. बाईंची पिशवी आम्ही धक्क्यापर्यंत नेली. त्यांनी आपल्या भाषेत आभार मानले. तो शब्द आम्ही दोनदा विचारून वहीत लिहून घेतला : 'गीतू'.