जबलपूरच्या अलीकडे

ज्यूल व्हर्नचा पोलादी हत्ती जबलपूरला पोहोचतच नाही. कोलकात्याहून निघालेला तो वाफेचा अवाढव्य प्राणी सोंडेतून धूर सोडत, मागे चाकांवरची दोन घरं ओढत उत्तर हिंदुस्थान तुडवतो, हिमालयाच्या कुशीत पावसाळा काढतो, विंध्याच्या रानात शिरतो आणि आमच्या गावाच्या अगदी अलीकडे त्याचा बॉयलर फुटतो. कादंबरी 1880 सालची. इंग्रजीत तिचं नाव ‘द स्टीम हाउस’. तिचे दोन भाग इंग्रजीत वेगळे निघाले, त्यांची नावं ‘द डेमन ऑफ कानपूर’ आणि ‘टायगर्स अँड ट्रेटर्स’. यातला कानपूरचा राक्षस म्हणजे आपले नानासाहेब पेशवे.

व्हर्न हिंदुस्थानात कधीच आला नव्हता. तरी त्याची कथा सुरू होते ती 1867 सालच्या औरंगाबादेत. नानासाहेबांना पकडून देणाऱ्यास दोन हजार पौंडांचं इनाम, असा जाहीरनामा भिंतीवर लागलेला असतो. मग वेरूळची लेणी येतात, सातपुडा येतो, नर्मदेचं खोरं येतं. मराठी वाचकाला ही वाट ओळखीची वाटते, आणि मध्य प्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या रुजलेल्या आमच्यासारख्या मराठी घरांना तर जास्तच. म्हणूनच शेवट इतका लागतो.

आमच्याकडे या शेवटावर कधीच एकमत झालं नाही. आजोबांची सगळी नोकरी तोफगाड्यांच्या कारखान्यात गेली. 1904 पासून जबलपूरच्या कितीतरी घरांची चूल त्या कारखान्यावर चालत आली आहे. बॉयलरचं प्रकरण आलं की ते पुस्तक हातातून काढून घेत आणि समजावत: पाणी खाली उतरलं की भट्टीवरचा पत्रा उघडा पडतो, तापून लाल होतो, लाल झाला की मऊ पडतो, त्यात कुणी सेफ्टी व्हॉल्व्ह दाबून ठेवला तर वाफ त्या मऊ जागेतूनच वाट काढते. “स्फोट खरा आहे,” ते म्हणत, “शेवट खोटा आहे.” घरातल्या पोरांना हत्तीचं दुःख. एवढं सुंदर यंत्र, पाण्यातून तरंगत जाणारं, खऱ्या हत्तींच्या कळपाशी झुंजलेलं, आणि ते का म्हणून फोडायचं? काकूंचा राग वेगळाच होता. त्यांच्या मते त्या स्फोटात पेशव्याला मरणच द्यायचं होतं तर हातात तलवार तरी द्यायची.

पोरांची तक्रार मला अजूनही रास्त वाटते. त्या काळातल्या विज्ञानकथाकारांना आपलं यंत्र जगात मागे ठेवायचा धीर होत नसावा. व्हर्नचीच पाणबुडी ‘नॉटिलस’ भोवऱ्यात सापडते आणि त्यातून आपण वाचलो कसे, हे निवेदकालाच सांगता येत नाही. वेल्सचा कालयात्री यंत्रासकट नाहीसा होतो. यंत्र गेलं की जग पुन्हा होतं तसं. आपल्याकडे जयंत नारळीकरांनी ‘वामन परत न आला’ म्हणत शेवट मुखपृष्ठावरच ठेवला आणि वाचकाला वाट पाहायला लावली ती पुढच्या विचारासाठी. हा मला अधिक प्रामाणिक व्यवहार वाटतो.

पण या कादंबरीतलं माझं खरं दुखणं बॉयलरच्या आधीच सुरू होतं. जबलपूरजवळच्या एका काल्पनिक गडावर नानासाहेब पोलादी हत्तीबरोबर निघालेल्या कर्नल मन्रोला तोफेच्या तोंडी बांधतात. रात्र आहे, पहाटे बत्ती लागायची आहे. व्हर्नची लेखणी इथे फार ताकदीची आहे, श्वास रोखून वाचावं असं ते प्रकरण. मात्र जबलपूरच्या माणसाने ते वाचताना आपल्या शहरातली खरी तोफ कशी विसरावी? 18 सप्टेंबर 1857 रोजी गोंड राजे शंकर शाह आणि त्यांचे पुत्र रघुनाथ शाह यांना याच गावात तोफेच्या तोंडी देऊन उडवण्यात आलं. तोफ कंपनी सरकारची होती. त्यांच्याविरुद्धच्या पुराव्यात एक कविता होती, शत्रूचा नाश कर म्हणून देवीला घातलेलं साकडं. कवितेसाठी माणसं उडवली गेली त्या गावाच्या उंबरठ्यावर कादंबरीकार तोफ उलटी फिरवतो, गोऱ्या कर्नलला तिच्यापुढे उभा करतो, त्याला वाचवतो आणि नानासाहेबांचा निकाल लावतो. दरवर्षी त्या तारखेला शहरात बाप-लेकांच्या पुतळ्यांना हार चढतात. तो दिवस आला की मला हे प्रकरण आठवतं आणि चीड येते.

चीड येण्याचं आणखी एक कारण आहे. याच व्हर्नने पाचच वर्षांपूर्वी ‘नॉटिलस’च्या कॅप्टन नेमोची ओळख उघड केली होती. नेमो म्हणजे बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कार, सत्तावन्नच्या लढ्यात उतरलेला. आमच्या उत्तरेला लागूनच तो मुलूख. त्या राजपुत्राला व्हर्नने समुद्राच्या तळाशी सन्मानाची समाधी दिली. म्हणजे दुसऱ्या बाजूने पाहण्याची नजर या माणसाकडे होती. नानासाहेबांच्या वेळी त्याने ती वापरली नाही, एवढंच मला म्हणायचं आहे, आणि ते मी ठामपणे म्हणतो. शेवटच्या प्रकरणाचं नावही मन्रोचा सोबती कॅप्टन हॉड याच्या पन्नासाव्या वाघावरून ठेवलेलं आहे. इतक्या मोठ्या वैराची कहाणी एका शिकाऱ्याच्या आकड्यावर आणून मिटवली.

तरीही एक फट राहिली आहे. स्फोटानंतर नानासाहेबांचा देह सापडत नाही आणि ते जिवंत आहेत ही समजूत लोकांत टिकून राहते. काकू हे सारखं बोलून दाखवतात आणि इतिहास त्यांच्या बाजूने आहे. खरे नानासाहेब 1859 च्या सुमारास नेपाळच्या तराईत दिसेनासे झाले. पुढे 1874 मध्ये ग्वाल्हेरला शिंद्यांनी एका माणसाला नानासाहेब म्हणून इंग्रजांच्या ताब्यात दिलं, आणि तो ते नव्हताच असं ठरलं. सरकारला जे पंधरा वर्षांत जमलं नाही ते कादंबरीकाराने पुरतं केलं नाही, यासाठी काकू व्हर्नला माफ करायला तयार आहेत. माझं तसं नाही. तोफेचं काय, हे मी त्यांना प्रत्येक वेळी विचारतो आणि आमचं भांडण तिथून पुन्हा सुरू होतं.