मोरीचं भोक

घाटकोपरच्या खाऊगल्लीपासून हाकेच्या अंतरावर माझं औषधांचं दुकान आहे. पावसाळ्यात संध्याकाळी लोक पोट धरूनच पायरी चढतात. सव्वीस वर्षं मी त्यांना चिठ्ठी न मागता दोन गोळ्या दिल्या, एक जुलाब थांबवणारी आणि एक अँटिबायोटिक. नियमात बसत नाही, हे माहीत होतं. पण गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी लोकल पकडायचं आणि येऊन म्हणायचं, "शेठ, तुमच्या हाताला गुण आहे." तो गुण मलाही खरा वाटायचा.

एकदा शौचावाटे रक्त पडणाऱ्या पोराच्या आईलाही मी तीच जोडी दिली. पोराचं पोट फुगलं, दवाखान्यात ठेवावं लागलं. तेव्हा मी दोष भेळेला दिला होता.

मत फिरलं ते मुलीमुळे. ती सूक्ष्मजीवशास्त्राचा अभ्यास काउंटरमागे बसून मोठ्याने करायची. माझ्या लेखी आतडं म्हणजे एक नळी. तिच्या वहीत त्या नळीला पेशींचा जेमतेम एकपदरी थर होता, पण पहारा केवढा! वर बुळबुळीत श्लेष्मा. मोठ्या आतड्यात त्याचे दोन थर, आणि पेशींलगतच्या थरात जंतू जवळजवळ नसतातच, हे स्वीडनच्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवलं. लहान आतड्याच्या खाचांत पॅनेथ पेशी, त्या जंतूंना मारणारी प्रथिनं सोडतात. तरीही जंतू आत घुसला, तर बाधलेली पेशी शेजारणींना सोडून स्वतःच गळून पडते. एरवीही हे अस्तर चार-पाच दिवसांत नवं होतं. वर पाणी सुटतं, आतडं जोरात हलतं, घाण वाहून जाते.

"आणि बाबा, तुम्ही नेमकं तेव्हाच मोरीचं भोक बुजवता."

मी चिडलो. "मग पटकीत माणसं मरतात ती कशाने?" तिने उत्तर परळहून आणलं. १९५९ साली हाफकिन संस्थेत एन. के. दत्ता आणि सहकाऱ्यांनी जिवंत जंतू नसलेला पटकीचा अर्क सशाच्या पिल्लांना दिला, तरी जुलाब झालेच. त्याच वर्षी कलकत्त्यात शंभुनाथ डे यांनाही तेच दिसलं. म्हणजे जंतू अस्तर फोडत नाही. त्याचं विष पेशींनाच पाणी ओतायला लावतं. पण अस्तर शाबूत असल्याने साखर आणि मीठ जोडीने आत घेणं चालू राहतं, आणि त्यांच्यामागून पाणी. ज्या ओआरएसला मी 'साखरपाणी' म्हणून हिणवत होतो, ते यावरच उभं आहे.

टायफॉइडला, काही प्रकारच्या रक्ती आवेला अँटिबायोटिक लागतंच. फक्त ते ठरवणारा मी नव्हे.

गल्ल्यात फरक पडला, खोटं कशाला बोलू. परवा एकजण घाईत आला. मी पाकीट पुढे केलं, "पूर्ण पाकीट, एक लिटर पाण्यात. ग्लासात चिमूटभर नको." त्याने आधी पाकिटाकडे, मग माझ्याकडे पाहिलं आणि समोरच्या दुकानात गेला. तिथे त्याला दोन्ही गोळ्या मिळाल्या.