तहकुबीचे कारण

अमेरिकेतील लुइझियाना हे राज्य कायद्याच्या बाबतीत आपल्या भावंडांहून निराळे आहे. इतर राज्यांनी इंग्लंडची न्यायपद्धती उचलली. लुइझियानाने मात्र फ्रेंच व स्पॅनिश अमलाचा वारसा जपून आपल्या दिवाणी कायद्याला रोमन वळण ठेवले. जिल्ह्यालाही तेथे 'पॅरिश' म्हणतात. या राज्याच्या दिवाणी प्रक्रिया संहितेतील 1601 वे कलम तहकुबीसंबंधी असून ते एका वाक्यात आटोपते. योग्य कारण असल्यास कोणत्याही दाव्यात तहकुबी देता येईल, एवढेच ते सांगते. 'योग्य' कशास म्हणावे, हे त्या कलमाने न्यायाधीशाच्या विवेकावर सोपविले आहे.

या मोकळ्या जागेत एका वकिलाने फुटबॉल आणून ठेवला, ती हकीकत वाचल्यापासून आमच्या मनातून जात नाही. 7 जानेवारी 2008 रोजी, सोमवारी, न्यू ऑर्लिन्स येथे लुइझियाना स्टेट विद्यापीठ व ओहायो स्टेट विद्यापीठ यांचा राष्ट्रीय विजेतेपदाचा सामना ठरला होता, आणि नेमकी तीच तारीख एका दाव्याच्या सुनावणीस लागली होती. वकिलाने तहकुबीचा अर्ज केला. कारण म्हणून प्रकृती पुढे केली नाही, की कोणा आप्ताचे निधनही घडवून आणले नाही. सामना आहे, उभय पक्षांच्या वकिलांना तो पाहावयाचा आहे, आणि कल्पनाशक्ती कितीही ताणली तरी तहकुबीस याहून सबळ कारण सुचत नाही, अशा आशयाचा मजकूर त्याने कायद्याच्या भारदस्त भाषेत, चेहऱ्यावरची सुरकुती न हलविता लिहून दिला. विरुद्ध पक्षाची हरकत नव्हती. अर्जावर हुकूम काय झाला यापेक्षा तो अर्ज लिहिणाऱ्याच्या धिटाईतच आमचे मन अधिक गुंतले.

हा फुटबॉल म्हणजे आपल्याकडे पायाने खेळतात तो नव्हे. चेंडू लंबगोल असतो आणि तो बहुधा हातात धरून पळावयाचे असते. अमेरिकेच्या दक्षिणेत विद्यापीठांच्या या सामन्यांना जे स्थान आहे, ते आपल्याकडील ग्रामदैवताच्या जत्रेवरूनच काहीसे ध्यानात यावे. बॅटन रूज येथील या विद्यापीठाच्या क्रीडांगणात 8 ऑक्टोबर 1988 रोजी ऑबर्नविरुद्धच्या सामन्यात यजमानांनी शेवटच्या घटकेस गुण मिळविले, तेव्हा प्रेक्षकांच्या जल्लोषाची नोंद विद्यापीठाच्याच भूकंपमापकावर झाली होती. जेथे लोकांच्या आनंदाने जमीन हलते, तेथे एखादी तारीख हलली तर नवल ते काय! शिवाय न्यू ऑर्लिन्स तेथून अवघे 80 मैल. 2005 सालच्या कतरिना वादळात ज्या सुपरडोमचे छप्पर फाटले आणि ज्याच्या आत हजारो निराश्रित अडकून पडले होते, त्याच वास्तूत हा सामना व्हावयाचा होता.

तहकुबी ही वस्तू आपल्यास अपरिचित नाही. आपल्या देशात आज पाच कोटींहून अधिक खटले तुंबून आहेत. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या सतराव्या आदेशाने एका पक्षास सुनावणीच्या काळात तीनच तहकुब्या द्याव्या असे 2002 सालापासून घातले आहे. वकील दुसऱ्या न्यायालयात गुंतला आहे हे कारण ग्राह्य नाही, असेही तेथे स्पष्ट लिहिले आहे. 2005 साली सर्वोच्च न्यायालयाने ही मर्यादा वैध ठरविली, पण पक्षाच्या हाताबाहेरील आपत्तीत ती अडसर होणार नाही असा अर्थ लावला. तो अर्थ उचितच होता. पण माणसाच्या हाताबाहेर किती गोष्टी असतात, हे तालुक्याच्या कोर्टात एक सकाळ काढल्याशिवाय समजावयाचे नाही. कोणाची कंबर धरते, कोणाचे कागद सापडत नाहीत, आणि ज्यांचे आजोबा एकदा वारले तेच आजोबा पुढच्या दिवाळीआधी पुन्हा वारतात.

आमच्या आत्याबाईंचा भावांविरुद्ध वाटपाचा दावा अशाच एका कोर्टात बारा वर्षे चालला. साक्षीच्या दिवशी त्या पहाटेची एस. टी. धरून, भाकरी फडक्यात बांधून आल्या व कोर्टाच्या आवारातील पिंपळाखाली बसल्या. दुपारी वकिलांचा कारकून येऊन म्हणाला, "आत्याबाई, आज काही होत नाही. पुढच्या महिन्यात या." त्या निमूटपणे परतल्या. पुढे आम्ही रोजनाम्याची नक्कल काढली, तेव्हा त्या तारखेस त्यांच्याच वकिलांचा अर्ज आढळला : वादी आजारी असल्याने हजर राहू शकत नाही, सबब मुदत मिळावी. वादी त्या वेळी पन्नास पावलांवर भाकरी खात होती. खरे कारण चौकशीअंती कळले, ते वकीलसाहेबांच्या मेहुण्याच्या लग्नाचे. आम्ही संतापलो; आत्याबाई मात्र एवढेच म्हणाल्या, "लग्न होतं तर तसं सांगायचं की. मीपण गेले असते अक्षता टाकायला. मला आजारी कशाला पाडलं?"

म्हणून त्या परदेशी वकिलाचा अर्ज आम्हांस थट्टेचा वाटत नाही. त्याने आपल्या सोयीला सोय म्हटले आणि ती तपासून नाकारण्याची संधी न्यायाधीशास दिली. खोट्या दुखण्याच्या अर्जात ती संधी कोणासच नसते. तरीही आमची एक शंका उरतेच. दोन्ही वकिलांची संमती म्हणजे दोन्ही अशिलांची संमती नव्हे. ज्याचा पैसा अडकला आहे, ज्याने त्या दिवसासाठी रजा काढली आहे, त्याला फुटबॉलचे वेड असेलच असे नाही. तसा एखादा त्या दाव्यात असता, तर त्याचे म्हणणे ऐकल्यावाचून अर्ज मंजूर करणे आम्हांस अन्यायाचे वाटले असते, मग कारण कितीही खरे असो.

सामना लुइझियानाने 38-24 असा जिंकला. त्या मोसमात हा संघ दोनदा हरला होता, आणि दोन्ही वेळा जादा खेळाच्या तिसऱ्या फेरीपर्यंत झुंजून. दोन पराभव पदरी असताना राष्ट्रीय विजेतेपदाच्या या सामन्यात त्यापूर्वी कोणी विजयी झाले नव्हते. अशा संघाचा सामना तिकडे रंगात आला असता त्या दिवशी साक्षीदाराची उलटतपासणी कशी झाली असती, याची कल्पना वाचकांनीच करावी.