पाट आला का?

कोकणात गणपती कुणी 'विकत घेत' नाही, गणपती 'आणतात'. पैसे मोजले तरी शब्द तोच. आणि आणायच्या आधी एक काम असतं, कारखान्यात पाट नेऊन द्यायचा. रत्नागिरीबाहेरच्या मंडळींसाठी सांगते, कारखाना म्हणजे चिमण्या आणि भोंगे नव्हेत :-) मूर्ती घडवायची जागा. सिंधुदुर्गात त्यालाच गणपतीची शाळा म्हणतात. आमचा परटवण्यातला कारखाना म्हणजे घराची पडवी, मागची खोली आणि पावसाळ्यात माझं अर्धं स्वयंपाकघर! लग्न होऊन आले तेव्हापासून वहीखातं माझ्याकडे. मूर्तीला हात लावायचं धाडस मी कधी केलं नाही. ते काम अण्णांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, आणि आता नवऱ्याचं.

आज लिहायला कारण झालं माझा भाचा. वय वर्षे सतरा, मुक्काम चिंचवड. हा मुलगा रोब्लॉक्स नावाच्या खेळात कपडे शिवतो. हसू नका, मीही आधी हसले होते. त्या खेळातल्या बाहुल्यांना घालायचे शर्ट-पँट असतात. ५८५ गुणिले ५५९ पिक्सेलचा एक कोरा नकाशा मिळतो, पुढचा भाग, पाठ, बाह्या असे तुकडे पाडलेला. त्यावर चित्र काढायचं, की ते बाहुलीच्या अंगावर चढतं. हा ते ऑर्डरप्रमाणे काढून देतो आणि खेळातल्या चलनात, म्हणजे रोबक्समध्ये, मोबदला घेतो.

तर एका गिऱ्हाइकाने त्याच्याकडून आपल्या टोळीसाठी गणवेश करवून घेतला. टोळीचं नाव, चिन्ह, ठरावीक निळा रंग. भाच्याने अभ्यास सोडून दोन संध्याकाळी घातल्या (हे माझ्या बहिणीला माहीत नाही, आता कळेल!). आणि काम झाल्यावर उत्तर आलं, "नको, आम्ही टोळीच मोडली."

फोनवर बिचारा रडवेला झाला होता. "मावशी, त्यावर त्यांचं नाव आहे गं. आता दुसरं कोण घेणार?"

मला एकदम अण्णांची मागची खोली आठवली. तयार मालाचं गिऱ्हाईक गेलं तर दुसरं येतं. पेणहून रंगवून आलेल्या मूर्ती बाजारात मांडलेल्या असतात, एकाने नाही नेली तर दुसरा नेतो. पण सांगून करवून घेतलेली वस्तू एकाच माणसाच्या मापाची असते. तो फिरला की ती वस्तू अडते आणि करणाराही अडतो. पैसे बुडतातच, शिवाय इतके दिवस ज्या माणसाचा विचार करत हात चालवला, त्याला त्याचं काहीच नसतं, हे जास्त लागतं.

भाच्याचा विचार होता की त्या गिऱ्हाइकाचं नाव सगळीकडे जाहीर करायचं. "ठगांची यादी" करायची. मी म्हटलं, थांब. आधी आमच्याकडे काय करतात ते ऐक.

आमच्याकडे ऑर्डरची सुरुवात पाटाने होते. आषाढ-श्रावणात लोक आपापल्या घरचा पाट आणून देतात, आम्ही त्यावर नाव लिहिलेली चिठ्ठी चिकटवतो. कुणी नुसतंच "आमचा धरा हो एक" म्हणून गेलं, तर अण्णा संध्याकाळी मला विचारतात, "पाट आला का?" नाही म्हटलं, की त्या नावापुढे वहीत काही लिहायचं नाही. ज्याने घरातला पाट उतरवून, धुऊन, पावसात छत्री सांभाळत इथवर आणला, तो सहसा फिरत नाही. त्याचं काहीतरी आपल्याकडे राहिलेलं असतं. मुंबईचे चाकरमानी पाट पाठवू शकत नाहीत, ते निम्मे पैसे पाठवतात. आमच्या वकील भाऊजींच्या भाषेत हा इसार.

दुसरी गोष्ट, काम कुठवर आलंय ते बघायचं. शाडूची मूर्ती आधी नुसती माती असते. पावसाळी हवेत ती वाळता वाळत नाही. मग पांढरा हात, मग रंग, आणि सगळ्यात शेवटी डोळ्यांची आखणी. रंग लागायच्या आधी कुणी नको म्हणालं, तर मूर्ती पाण्यात भिजवली की पुन्हा माती हाताशी येते. मेहनत गेली, माल राहिला. रंग चढल्यावर मात्र मागे जाता येत नाही. म्हणून अण्णांचा शिरस्ता असा, की वेगळी सांगून केलेली मूर्ती असेल तर आखणीआधी घरच्यांना बोलावून दाखवायची. त्यांनी बघून हो म्हटलं, की मगच डोळे.

आता खरा किस्सा. २०२३ साली अधिक श्रावण आला होता, त्यामुळे चतुर्थी थेट १९ सप्टेंबरला. महिनाभर जास्त मिळाला म्हणून आम्ही खूश, पण गिऱ्हाइकांनाही विचार बदलायला महिनाभर जास्त मिळाला! ओळखीतल्याच एका घराने उजव्या सोंडेचा गणपती सांगितला होता. आमचे साचे सगळे डाव्या सोंडेचे, त्यामुळे ही मूर्ती अण्णांनी हाताने घडवली. वय पंचाहत्तर, पाठ धरलेली, तरी रोज दोन तास. ठरले होते ६,५०० रुपये, हातात आले होते १,०००. पाट मात्र आला होता.

चतुर्थी आठ दिवसांवर आली आणि ते गृहस्थ दारात उभे. म्हणाले, घरात वडीलधाऱ्यांनी मोडता घातला, उजव्या सोंडेचं सोवळं फार कडक, आम्हाला झेपणार नाही. दुसरीकडून साधा गणपती ठरवलाय, पाट तेवढा द्या.

नवरा भडकला. पाट द्यायचा नाही म्हणाला, उरलेले पैसे ठेवा आणि पाट न्या. मलाही तेच वाटत होतं, खोटं कशाला बोलू. उजव्या सोंडेची मूर्ती आयत्या वेळी कुणी सहजासहजी नेत नाही.

अण्णा काही बोलले नाहीत. उठले, पाट काढला, पंचाने पुसला आणि त्यांच्या हातात दिला. हजार रुपये मात्र परत केले नाहीत, आणि त्या गृहस्थांनी मागितलेही नाहीत.

रात्री जेवताना नवरा पुन्हा सुरू झाला तेव्हा अण्णा एवढंच म्हणाले, "पाट त्यांचा आहे. आपली मेहनत आपण आधी मागायला हवी होती, ती पाट अडवून कशी मिळेल?"

मूर्ती रंगलेली, पण डोळे आखायचे बाकी होते. अण्णांनी ते काढलेच नाहीत. जुन्या धोतरात गुंडाळून मूर्ती फळीवर ठेवली. पुढे माघी गणेशोत्सवासाठी, १३ फेब्रुवारी २०२४ ला, जवळच्या एका वाडीतल्या मंडळाने ती नेली. ४,००० रुपये आले. आदल्या दिवशी अण्णांनी चष्मा पुसून डोळे आखले, तेव्हा आम्ही सगळे दारात उभे राहून बघत होतो.

वकील भाऊजींना मी नंतर विचारलं, कायदा काय म्हणतो? ते म्हणाले, भारतीय करार कायदा १८७२ चा, त्यातलं कलम ७३ बघ. करार मोडणाऱ्याने नुकसान भरून द्यायचं, पण आपणही नुकसान कमी करायला काय करू शकत होतो हे कोर्ट बघतं. म्हणजे मूर्ती माघात गेली, तर ते ४,००० वजा धरणार. कलम ७४ सांगतं, की दंडाची रक्कम आधी ठरवलेली असली तरी वाजवी तेवढीच मिळते. थोडक्यात, दीड हजारासाठी कोर्टाची पायरी चढायची का ते तुम्ही ठरवा!

फिरणारे सगळे सारखे नसतात, हेही वही सांभाळताना कळलं. सुतक आलं तर माणूस काय करणार? अशा वेळी अण्णा विचारत सुद्धा नाहीत, पैसे परत. रायगडाकडे अडचण आलेल्या घरांत पुढच्या संकष्टीला साखरचौथीचा गणपती आणतात, तशी सोय आमच्याकडे नाही. आणि २०२० तर कोण विसरेल? कोरोनामुळे सरकारने जुलैमध्ये नियम काढला, घरगुती मूर्ती दोन फुटांपर्यंत, सार्वजनिक चार फुटांपर्यंत. आमच्याकडे दोन फुटांवरच्या पाच घरगुती मूर्ती घडवून झाल्या होत्या. चूक ना त्यांची ना आमची. अण्णांनी पाचही भिजवल्या आणि त्याच पाटांवर त्याच पैशांत लहान मूर्ती दिल्या. त्यातली चार घरं आजही आमच्याकडेच येतात.

हे सगळं ऐकून भाचा म्हणाला, "पण मावशी, तुमच्याकडे माणूस पुन्हा रस्त्यात भेटतो. माझा गिऱ्हाईक नाव बदलून गायब होतो."

बरोबर होतं त्याचं. आणि कायद्याची तर तिथे बातच नको. भाऊजींनी सांगितलं, अठरा वर्षांखालच्या मुलाचा करार मुळात करारच नाही. कलम ११, आणि १९०३ चा मोहरीबीबीचा प्रिव्ही कौन्सिलचा निकाल. त्या खेळात शिवणारा अल्पवयीन, बहुतेक नेसणारेही अल्पवयीन :-) मग उरतं काय? आधी काय मागून ठेवलंस तेवढंच.

म्हणून आम्ही दोघांनी बसून त्याचे नियम केले. जे काम दुसऱ्या कुणाला विकता येणार नाही, नाव, चिन्ह, टोळीचा खास रंग, त्याचा मोबदला पूर्ण आधी. साध्या शर्टाचा निम्मा आधी चालेल, कारण तो दुसऱ्यालाही जाईल. आधी साधा शर्ट काढायचा, नाव सगळ्यात शेवटी. नाव घालायच्या आधी लहान, पुसट चित्र पाठवून हो म्हणवून घ्यायचं, आमच्या आखणीसारखं. गिऱ्हाईक मधेच फिरला तर झालेल्या कामाचे ठेवायचे, उरलेले परत. आणि ठगांची यादी नाही. घरातल्या फोनवरून आईने खेळ बंद केला म्हणून गायब झालेलं पोरही त्या यादीत जायचं.

अडलेल्या गणवेशावरचं नाव पुसून त्याने तो निळा शर्ट साधा म्हणून ठेवला. तीन गेले म्हणे.

हं, आमच्या त्या गृहस्थांचं राहिलंच. २०२४ च्या श्रावणात ते पाट घेऊन आले, जरा ओशाळेच. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं, मी वहीत बघितलं. अण्णांनी पाट घेतला, चिठ्ठी चिकटवायला सांगितली आणि म्हणाले, "यंदा पैसे सगळे आधी." त्यांनी मुकाट्याने मोजले. मूर्ती साधी, डाव्या सोंडेची. २०२५ ला पुन्हा आले, तेव्हा न मागता पैसे पाटावरच ठेवले होते.

भाचा पुढच्या श्रावणात आखणी बघायला यायचं म्हणतोय. त्याला म्हटलंय, जरूर ये. फक्त तारीख आधी कळव आणि आयत्या वेळी फिरू नकोस.