आपली आली काय?

श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी अकोल्याच्या जयहिंद चौकात उभं राहिलं की एकच प्रश्न सारखा कानावर पडतो. "आपली आली काय?" विचारणारी बाई ओट्यावर उभी असते, हातात आरतीचं ताट असतं, आणि 'आपली' म्हणजे कोणती हे समोरच्याला ठाऊक असणारच असं ती धरून चालते. ठाऊक नसेल तर तो जुन्या शहरातला नव्हे. जठारपेठेतला असेल, गोरक्षण रोडवरचा असेल, फार तर अमरावतीचा पाहुणा असेल.

ती विचारते कावडीबद्दल. आदल्या संध्याकाळपासून पोरं गांधीग्रामला गेलेली असतात. पूर्णेचं पाणी भरायचं, रात्रभर चालायचं आणि सोमवारी ते ग्रामदैवत राजराजेश्वराला घालायचं. अकोट रोडनं 17-18 किलोमीटर अंतर आहे, तेही अनवाणी आणि खांद्यावर ओझं घेऊन. 1944 साली पावसानं डोळे वटारले, तेव्हा काही शिवभक्तांनी पूर्णेचं पाणी आणून ग्रामदैवताला अभिषेक केला, तिथून ही रीत पडली असं सांगतात. तेव्हा पाऊस किती पडला, हे सरकारी दप्तरात शोधायला कोणी गेलेलं माझ्या ऐकिवात नाही. पोरं मात्र दरवर्षी जातात. यात एक गंमत अशी, की ती जातात खारपाणपट्ट्यात. पूर्णेच्या खोऱ्यातल्या विहिरींचं पाणी तोंडात धरवत नाही, घोटभर प्यायलं तर तहान वाढते. अशा मुलखातून देवासाठी गोडं पाणी आणायचं आणि येताना घरच्यांसाठी गांधीग्रामची गूळपट्टी.

भक्ती आहेच. ती नाही असं म्हणायची माझी हिंमत नाही आणि तसं मला वाटतही नाही. पण नुसत्या भक्तीला एक कळशी पुरते. हजार भरणे कशाला लागतात?

भरणे म्हणजे पाण्याची भांडी. बांबूंचा लांबलचक सांगाडा करतात, त्यावर ही भांडी ओळीनं, एकावर एक, सुतळीनं आवळून बांधतात. मधोमध महादेवाची मूर्ती किंवा देखावा. आमच्या लहानपणी दोन बाजूंना चार-दोन कळश्या लटकवल्या की कावड झाली. आता डाबकी रोडवासी मंडळाची कावड निघते तेव्हा भरण्यांचा आकडा हजाराच्या पुढे असतो आणि ती उचलायला अख्खी गल्ली लागते. सांगाडा उचलायची पद्धत पाहण्यासारखी आहे. सगळे खाली बसतात. दुपट्ट्याची घडी खांद्यावर ठेवतात. पुढचा एक जण हात वर करतो, क्षणभर ढोलही थांबतो, आणि मग "हर्र बोला महादेव" म्हणत शंभर गुडघे एकदम सरळ होतात. बांबू करकरतो. मधला भाग खाली झोल खातो, भांडी एकमेकांवर वाजतात, पाणी हिंदकळून मागच्याच्या मानेवर सांडतं. पन्नास पावलांवर खांदापालट. पहिला बाहेर पडतो तेव्हा त्याच्या खांद्यावर बांबूची लाल पन्हळ उमटलेली असते. तो ती चोळत नाही. चोळली तर दुसऱ्या मंडळाचं पोरगं पाहील.

हे दुसऱ्या मंडळाचं पोरगंच या सगळ्याचं मूळ आहे. हरिहरपेठ काय करते आहे, डाबकी रोडवर यंदा किती बांबू आले, कोणाचा देखावा उज्जैनचा आणि कोणाचा केदारनाथचा, याची हेरगिरी नागपंचमीपासून चालते. पोळा चौकातल्या चहाच्या टपरीवर कान देऊन बसावं.

"यंदा किती भरणे बे तुमचे?"

"मागच्यापक्षा जास्त."

"मंग किती?"

"जास्त हायेत ना बाप्पा, आकडा काहून पायजे तुले?"

आकडा फ्लेक्सवर छापलेला असतो आणि त्यावर दुसऱ्या गल्लीचा काडीइतका विश्वास नसतो. आमच्या गल्लीत मिलमधून निवृत्त झालेले एक काका होते. ते पुलापाशी कठड्याला टेकून मोजायचे. आधी ओळी, मग ओळीतली भांडी, मग गुणाकार. दुसऱ्यांच्या कावडीचा हिशेब नेहमी फ्लेक्सवरच्या आकड्यापेक्षा शंभर-दीडशेनं कमी भरायचा आणि तो ते आमच्या कानात सांगायचे. आपली कावड आली की काका मोजायचेच नाहीत. "त्यात काय मोजाचं," म्हणायचे, "घरचंच तर आहे."

पंच नाही, बक्षीस नाही, निकाल नाही. पहिला मान राजराजेश्वराच्या पालखीचा, तो ठरलेला. त्यावर कोणाचा वाद नाही. बाकीच्यांनी मागे यायचं. एवढी उंच कावड गाभाऱ्यात मावणार कुठे? ती बाहेर थांबते आणि आत जातं ते हातातल्या कळशीतलं पाणी. हरिहरपेठेचं पाणी आणि डाबकी रोडचं पाणी पिंडीवरून एकाच मोरीत जातं. तरी मंगळवारी सकाळी, पायाला फोड आलेली पोरं ओट्यावर पाय पसरून "आपण मारली यंदा" असं सांगत असतात. दोन्ही गल्ल्यांत सांगत असतात.

या चढाओढीचं खरं मोल किती, याची परीक्षा एकदा आपोआप झाली. 2020 साली करोनामुळे कावडी निघाल्याच नाहीत. मानाची पालखी तेवढी निघाली, मोजक्या माणसांनी प्रशासनाच्या परवानगीनं पूर्णेचं पाणी आणलं. अभिषेक झाला. मंत्र झाले. रीत मोडली नाही. देवाच्या बाजूनं पाहिलं तर काहीही कमी पडलं नव्हतं. आणि जुन्या शहरात ज्याला विचारावं तो म्हणत होता, "यंदा कावड झालीच नाही." पाणी आलं होतं, देव होता, सोमवार होता. नव्हती ती फक्त पलीकडची गल्ली. तेव्हापासून 'स्पर्धा नको, भक्ती हवी' असं भाषण ऐकलं की मला त्या सोमवारचा रिकामा टिळक रोड दिसतो.

एका गावात दोन बाजू असल्या की असं होतंच. शिकागोत बेसबॉलचे दोन संघ, एक शहराच्या उत्तरेचा आणि एक दक्षिणेचा. अमेरिकेच्या अजिंक्यपदासाठी ते समोरासमोर आले ते एकदाच, 1906 मध्ये. त्याच्या गोष्टी अजून निघतात. कोलकात्याच्या फुटबॉलमध्ये मोहन बागान जिंकलं की कोळंबी महागते आणि ईस्ट बंगाल जिंकलं की हिलसा. मात्र त्याच कोलकात्यात 16 ऑगस्ट 1980 ला ईडन गार्डन्सवर याच दोघांच्या सामन्यात 16 प्रेक्षक गेले. घरून सामना पाहायला म्हणून निघालेली माणसं होती ती. 'खेळच तो, त्यात काय' असं म्हणणाऱ्यानं ही तारीख आठवावी, आणि 'हेच आमचं सर्वस्व' म्हणणाऱ्यानंही.

आम्हा अकोल्याच्या लोकांना भांडायला आणखी एक पिढीजात गिऱ्हाईक आहे, ते अमरावती. ते हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा विषय काढतात, 1936 ला बर्लिनच्या ऑलिम्पिकमध्ये त्यांच्या पोरांनी कबड्डी दाखवली ते सांगतात. आम्ही 1969 चं कृषी विद्यापीठ पुढे करतो. मग ते शांतपणे विचारतात की विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे ते पंजाबराव देशमुख कुठले. क्रिकेटमध्ये त्यांनी जितेश शर्मा म्हटलं की आम्ही अथर्व तायडे म्हणायचं. दोघंही विदर्भाकडून खेळले आणि विदर्भानं 2024-25 ची रणजी जिंकली तेव्हा फटाके दोन्हीकडे फुटले, हे सोयीनं विसरायचं. पण हे भांडण लग्नाच्या पंगतीतलं. त्यासाठी कोणी अनवाणी चालत नाही.

कावडीसाठी चालतात. का, यावर मी बरीच वर्षं विचार केला आहे आणि माझं उत्तर नदीपाशी येऊन थांबतं. मोर्णेनं गावाचे दोन भाग केले आहेत. अलीकडे असदगडाची तटबंदी, दगडी वाडे, पडक्या माड्या आणि राजराजेश्वर. पलीकडे स्टेशन, बाजार, दवाखाने, शिकवण्या आणि नोकऱ्या. गेल्या तीस-चाळीस वर्षांत ज्याला जमलं तो पूल ओलांडून गेला. कोणी कौलखेडला, कोणी मलकापूरला, कोणी पार पुण्याला हिंजवडीत. वाडे वाटण्यांत गेले, पाडले गेले, तिथे शटरची दुकानं झाली. माझ्या वर्गातल्या एका मित्राचं भांडपुऱ्यातलं घर आता उरलेलंच नाही. त्या जागी मोबाइलचं दुकान आहे. तो पुण्याहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं येतो, सासुरवाडीला बॅग टाकतो आणि गांधीग्रामला पळतो. त्याला विचारलं, की कोणत्या मंडळात चालतोस? तर त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्याला त्याचं आडनाव विचारलं.

मला वाटतं हेच आहे ते. दिवाळीला माणूस आईबापाच्या घरी जातो. घर नसेल तर जात नाही. कावडीला माणूस गल्लीत येतो, घर असो वा नसो. आणि गल्ली ही आपली आहे हे कळायला पलीकडची गल्ली लागते. 'हरिहरपेठवाले येऊ द्या, मग दाखवू' असं म्हणताना त्या पुण्याच्या माणसाला वीस वर्षांपूर्वीचा पत्ता तोंडपाठ येतो. हे आधार कार्डाला जमत नाही.

म्हणून सगळंच गोड आहे असं नाही. देखाव्याची उंची वाढत गेली तशा विजेच्या तारा आड येऊ लागल्या. कावड पुढे आणि बांबूनं तारा उचलणारा एक पोरगा त्याच्याही पुढे, हे पाहून माझ्या पोटात गोळा येतो. वर्गणीची पावती हल्ली मागून घेत नाहीत, फाडून हातात ठेवतात. डीजेच्या भिंतीपुढे म्हाताऱ्यांनी कुठे जायचं, याचं उत्तर कोणत्याच मंडळाकडे नाही. कावडीहून मोठे फ्लेक्स निवडणुकीला उभं राहणाऱ्यांचे असतात. त्यांना दोन्ही गल्ल्या 'आपल्या'च, आणि तिथेच त्यांचं खोटं उघडं पडतं.

आणि एक गोष्ट, जी टपरीवर कोणी काढत नाही. 13 मे 2023 च्या रात्री याच जुन्या शहरात दंगल झाली. एक माणूस जिवानिशी गेला, गाड्या जळाल्या, जमावबंदी लागली. ते वर्ष अधिक श्रावणाचं होतं, त्यामुळे शेवटचा सोमवार लांबून 11 सप्टेंबरला आला. पोलीस बंदोबस्त एवढा की कावडीपेक्षा खाकी जास्त. दोन गल्ल्या भरण्यांवरून भांडतात तेव्हा समोरचा पुढच्या वर्षीही यावा अशी दोघांचीही मनापासून इच्छा असते, नाहीतर आकडा कोणाला सांगणार? त्या मे महिन्यातल्या रात्री समोरचा उद्या दिसूच नये असं वाटणारी माणसं रस्त्यावर होती. या दोन गोष्टी एकाच चौकात घडल्या म्हणून त्यांना एका मापानं मोजू नये. पोलिसांनी मोजलं तर समजू शकतो, आपण मोजू नये.

तर कावडीची ही चढाओढ किती महत्त्वाची? पाऊस तिच्यावर अवलंबून नाही. कापसाचा भाव तिच्यामुळे वाढत नाही. मंगळवारी दुपारी पोरं कामावर जातात आणि बुधवारी विषय संपतो. ज्या गावात पोरं मोठी होऊन निघून जाण्यासाठीच जन्मतात, तिथे त्यांना वर्षातून एकदा, स्वखर्चानं, रजा टाकून, अनवाणी परत आणणारी दुसरी कोणतीही गोष्ट मी पाहिलेली नाही. नगरपालिकेची महानगरपालिका झाली, तिलाही हे जमलेलं नाही. माझ्या लेखी एवढं मोल पुष्कळ झालं.

मंडळांना हात जोडून एक विनंती आहे. भरणे वाढवा, उंची वाढवू नका. आणि तुम्ही बाहेरगावचे असाल, यंदा पाहायला येणार असाल, तर सोमवारी दुपारी मंदिरापाशी गर्दीत घुसू नका. पहाटे अकोट रोडला कुठेतरी थांबा, चालणाऱ्यांच्या हाती केळं किंवा पाण्याचा पेला द्या, आणि कोणाची कावड मोठी असं कोणी विचारलंच तर तो ज्या गल्लीचा असेल तिचं नाव सांगा.